फाटकाबाहेरच्या मोरेबाई

मोरेबाई कुत्र्यांना घाबरायच्या. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला दात पडलेलं म्हातारं कुत्रं ऊन खात झोपलेलं असलं, तरी त्या छत्री उघडून मध्ये धरायच्या आणि ते पार मागे पडेपर्यंत मिटायच्या नाहीत. लहानपणी शाळेच्या वाटेवर एक कुत्रं पोटरीला चावलं होतं. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती. "एकेक आठवतं," म्हणायच्या. अशा बाईंनी आमच्या पिल्लाला घरात घाण न करायला शिकवलं, आणि ते करताना त्याला एकदाही हात लावला नाही. सगळं शिक्षण आमच्या फाटकाच्या बाहेर उभं राहून झालं.

मोहोपाड्याच्या आमच्या कंपनीच्या कॉलनीतली बालवाडी त्या चालवायच्या. कॉलनीतलं जे मूल तीन वर्षांचं होई, ते त्यांच्या हाताखालून जाई. माझी मुक्ताही गेली. पहिले तीन महिने ती रोज रडली, आणि मोरेबाई रोज तिला काखेत मारून खोलीभर फिरत राहिल्या. एका जागी उभं राहून मुलाला थोपटणं त्यांना जमायचं नाही. उंची बेताची, पदर खोचलेला, कमरेला बालवाडीच्या कुलपाची किल्ली आणि बाराही महिने हातात छत्री. चालणं असं, की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी. घरी आल्या आणि "बसा ना बाई," म्हटलं, की "बसते की," म्हणायच्या आणि खिडकीशी जाऊन बाहेर काय चाललंय ते बघायच्या. चहा उभ्यानं, बशीत ओतून, तोही निम्माच.

त्यांना एक विद्या येत होती. मुलाला शू लागली आहे हे त्या मुलाच्याही आधी ओळखायच्या. एकदा कंपनीच्या कार्यक्रमात साहेबांचं भाषण चाललेलं होतं. साहेबांच्या पत्नी पहिल्या रांगेत, भारीतली साडी नेसून, नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मोरेबाई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. अचानक त्या खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेल्या, बाईंच्या मांडीवरून ते पोर उचललं आणि पळतच मंडपाबाहेर गेल्या. सगळे बघत राहिले. साहेब भाषणात अडखळले. दोन मिनिटांनी मोरेबाईंनी पोर परत आणून मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "झाली त्याची. आता बसा निवांत." त्या बाई आधी रागावल्या, मग साडीकडे बघून हसल्या.

"तुम्हाला कळतं कसं?" मी विचारलं होतं.

"पोरगं गप होतं गं. दंगा करणारं गप झालं, की समजायचं. मग ते कोपऱ्याकडं बघतं. सगळं चेहऱ्यावर लिवलेलं असतं. आपण वाचत नाय."

मग कंपनीचा इथला प्लान्ट बंद व्हायचं ठरलं. एकदम नाही झालं. एक विभाग, मग दुसरा, मग रात्रपाळी. सकाळचा भोंगा थांबला तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणांना जाग येईना, आणि ज्यांना आली त्यांना काय करावं कळेना. माझ्या नवऱ्याची बदली गुजरातच्या प्लान्टला झाली, तो गेला. मी प्रयोगशाळेत होते. कागदपत्रं आवरून देण्यासाठी आम्हा चारपाच जणांना मेअखेरपर्यंत ठेवलं होतं. जूनपासून मला बदलापूरच्या बाजूला दुसरी नोकरी मिळाली होती, म्हणून शेलूला भाड्यानं घर बघून ठेवलं होतं. दर रविवारी एखाद्या क्वार्टरसमोर टेंपो उभा राहायचा. कपाटं, गाद्या, तुळशीची कुंडी वर चढायची, आणि मागे एक उघडी खिडकी उरायची. मला कशातच लक्ष लागत नव्हतं. एका खोलीत खोकी भरायला घ्यायची, अर्धवट टाकून दुसऱ्या खोलीत जायची, तिथून बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहायची.

मुक्ता तेरा वर्षांची होती. तिच्या सगळ्या मैत्रिणी एकेक करून गेल्या आणि ती बोलेनाशी झाली. भांडण नाही, रडणं नाही. काही विचारलं की "हं" म्हणायची. मार्चमधल्या एका दुपारी ती मागच्या ओळीतल्या रिकाम्या क्वार्टरमधून एक पिल्लू घेऊन आली. त्या घरातली माणसं जाऊन दीड-दोन महिने झाले होते. मोडक्या दारातून एक कुत्री आत शिरून मोरीत व्यायली होती. बाकीच्या पिल्लांचं काय झालं कोण जाणे, आईही दिसत नव्हती, हे एकटंच मोरीतल्या लादीवर केकाटत बसलं होतं. पिवळसर, पोटानं गोल.

"आई, याचं नाव भोपळ्या. हा आपल्याकडं राहणार आहे."

तीन आठवड्यांत तिनं माझ्याशी बोललेली ही पहिली पूर्ण वाक्यं होती. मी नाही म्हणू शकले नाही. आमच्या घरात कुणी कधी मांजरसुद्धा पाळलं नव्हतं.

शेलूच्या घरमालकीणबाईंना फोन करून सांगितलं. त्या भल्या होत्या, पण स्पष्ट होत्या. म्हणाल्या, "कुत्रं आणा. मात्र घरात घाण चालायची नाही. आधीच्या भाडेकरूच्या कुत्र्यानं माझ्या बेडरूमची फरशी वासवून ठेवली होती. महिनाभर बघेन. तसं काही झालं, तर कुत्रं ठेवायचं की घर, ते तुम्ही ठरवा." म्हणजे मेअखेरपर्यंत भोपळ्या शिकला तर येणार, नाहीतर त्याला या ओस पडलेल्या कॉलनीत सोडून जायचं. मी हे मुक्ताला सांगितलं नाही, पण फोन स्पीकरवर होता.

आणि भोपळ्या काही केल्या शिकेना. मोबाइलवर किती व्हिडिओ बघितले. त्यातली माणसं हिरव्यागार लॉनवर हसत उभी असायची, आणि त्यांची पिल्लं तिसऱ्या दिवशी शहाणी व्हायची. मी भोपळ्याला अंगणात नेऊन चाळीस-चाळीस मिनिटं उभी राहायची. तो नुसता थरथरत माझ्या पायाशी चिकटून बसायचा. आत आणला, की उंबरा ओलांडून चार पावलांवर, नेमका लादीवर, शू. वर्तमानपत्र अंथरलं तर ते बाजूला ओढून त्याच्या खालच्या लादीवर. मी दिवसातून आठ वेळा फरशी पुसत होते. घरभर फिनेलचा वास, फिनेलखाली दुसरा वास.

मार्चच्या शेवटी बालवाडीतली उरलेली तीन मुलंही गेली. ऑफिसातून एक तरुण माणूस वही घेऊन किल्ली घ्यायला आला, तेव्हा मी प्रयोगशाळेतून घरी परतत होते. मोरेबाई दारात उभ्या होत्या.

"थांब रं, झाडून देते."

"बाई, खोली पाडायचीच आहे."

"पाडा की. घाणेरडी खोली देऊ का कुणाला?"

त्यांनी सगळी खोली झाडली, कोपरे काढले, मुलांच्या सतरंज्या झटकून घड्या घातल्या, फळ्यावर काही होतं ते पुसलं. मग कुलूप लावून किल्ली त्याच्या हातावर ठेवली. तो सही घ्यायला वही उघडत होता, तोवर त्या चालू लागल्या होत्या. त्याला मागून पळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी दाराशी गुडघ्यांवर बसून पायपुसणं धूत होते, तर फाटकाशी मोरेबाई. बालवाडीला जायच्या तशाच कपड्यांत. पाताळगंगा नदीच्या पलीकडच्या त्यांच्या गावातून चालत आलेल्या.

"आज कशा आलात बाई?"

"नऊ वाजले की पाय निघतात गं. मी काय करू? काय सांडलं?"

"सांडलं नाही. केलंय." मी आत बोट दाखवलं. भोपळ्या दारात आला. फाडकन छत्री उघडली.

"बांध आधी त्याला. बांध, मग बोल."

मी त्याला खिडकीच्या गजाला बांधला. छत्रीच्या वरून दोन डोळे बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मी सगळं सांगितलं. घरमालकीणबाई, मे महिना, व्हिडिओ. बोलता बोलता मला रडू यायला लागलं. माणसं गेली, नोकरी गेली, तेव्हा आलं नव्हतं ते पायपुसण्यावरून आलं.

"मुक्ता कुठाय?" त्यांनी विचारलं. मुक्ता आतून आली.

"कॅलेंडर आण, मागचा महिना. आणि पेन्सिल. लिव. उठलं की, खाल्लं की, खेळलं की. तिन्ही वेळा बाहेर न्यायचं. पोर असो नायतर कुत्रं असो, पोट सारखंच. आणि कधी करतो, कुठं करतो, ते टाइम घालून लिवायचं. चार दिवस नुसतं लिवायचं. बोलायचं नाय, रागवायचं नाय."

"बाई, तुम्ही कधी कुत्रं पाळलंय?" मुक्तानं विचारलं.

"मी? मेले तरी नाय."

मुक्ता हसली. मी ते हसू बघत राहिले.

तेव्हापासून त्या रोज नऊला येऊ लागल्या. फाटक मधे ठेवून, त्यांच्या बाजूनं येरझारा घालत. मुक्ता भोपळ्याला दोरीनं धरून अंगणात उभी राहायची आणि मोरेबाई बाहेरून सूचना द्यायच्या. "दोरी सैल सोड. त्याच्याकडं टक लावून बघू नको, तुला कुणी असं बघत राहिलं तर व्हईल का?" मग छत्रीआडून तोंडानं "शूऽऽ" असा लांब आवाज काढायच्या, बाळांना पायांवर बसवून बायका काढतात तसा. पलीकडून वॉचमन चालला असेल, तर तो मान खाली घालून भराभर पुढे जायचा. भोपळ्यावर काही परिणाम नाही. तो कान टवकारून त्या आवाजाकडे बघायचा आणि आत आल्यावर लादीवर बसायचा.

फिनेल त्यांनी बंद करायला लावलं. "त्यानं आपल्या नाकाला बरं वाटतं. त्याच्या नाकाला तिथं काय झालंय ते कळतंच." त्या बालवाडीच्या सतरंज्यांना खायचा सोडा लावायच्या, तोच लावायला सांगितलं. मी वीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेली, मला हे सुचायला हवं होतं. वास गेला. भोपळ्याची सवय गेली नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझा तोल गेला. ऑफिसात दिवसभर जुन्या नोंदी शोधून थकून आले होते. खोक्यात भरायला म्हणून पलंगावरच्या चादरी खाली काढून ठेवल्या होत्या, आणि भोपळ्या माझ्यासमोर त्यांच्या शेजारी बसला. ओघळ चादरींखाली गेला. मी त्याची मानगूट धरली, नाक त्या ओल्या लादीवर घासलं आणि हातातल्या गुंडाळलेल्या कागदानं दोनचार फटके मारले. तो ओरडला. मुक्ता "आई!" म्हणून किंचाळली. आणि फाटकाशी छत्रीचा दांडा लोखंडावर आपटल्याचा खणखणाट झाला. मोरेबाई त्या दिवशी कशा कोण जाणे संध्याकाळी आल्या होत्या.

"हात काढ! मुक्ताची आई, हात काढ त्याच्यावरचा!"

त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी बाहेर आले. त्या फाटकाच्या गजांना धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता बोलतील. पण त्या चालायला लागल्या. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत, परत फाटकापर्यंत. चालता चालताच त्यांनी सुवर्णाची गोष्ट सांगितली.

"माझं पयलं वर्ष होतं. सुवर्णा म्हणून एक पोर होती, साडेतीन वर्षांची. रोज भिजवायची. मी नवीन, मला वाटायचं साहेब लोक काय म्हणतील. एक दिवस मी तिला ओल्या चड्डीनं सगळ्या पोरांसमोर उभी केली. पोरं हसली. दुसऱ्या दिवसापासून पोर एकदम कोरडी. मी काय खूश! सगळ्यांना सांगितलं, बघा, एका दिवसात शिकवली. पंधरा दिवसांनी तिला ताप आला, दवाखान्यात न्यावी लागली. तिची आई माझ्याकडं आली. भांडली नाय, काय नाय. म्हणाली, बाई, पोर सकाळी पाणी पीत नाय. बालवाडीत जायचंय म्हणते. शू लागंल म्हणते."

त्या थांबल्या. मग परत चालू लागल्या.

"पोरीनं माझ्या भीतीनं पाणी सोडलं होतं. उन्हाळ्याचं. कळलं का? मारून शिकतं गं. शिकत नाय असं नाय. पण काय शिकतं ते आपल्याला ठावं नसतं."

"ती बरी झाली?"

"झाली. लग्न झालं, पोरं हायत. मला भेटली की पाया पडते. मला तिच्या डोळ्यात बघवत नाय."

त्या दिवशी त्यांनी पाणीही घेतलं नाही. त्या गेल्यावर मी भोपळ्याला जवळ घ्यायला गेले, तर तो पलंगाखाली जाऊन बसला. मी बाहेर बोलावत राहिले. तो मुक्ताकडे गेला.

पुढचे दोन दिवस त्या आल्या नाहीत. मला वाटलं, आपल्याला टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या फाटकाशी उभ्या, आणि मुक्तानं लिहिलेलं कॅलेंडर मागितलं. मुक्तानं ते गजांतून दिलं. त्या ते हातभर लांब धरून वाचत होत्या.

"मुक्ता, हे पिल्लू तुला कुठं सापडलं म्हणालीस?"

"मागच्या ओळीत. मोरीत."

"मोरीत खाली काय होतं?"

"लादी."

"आणि हे बघ. तू लिवलंयस ते. स्वयंपाकघर, लादी. दाराजवळ, लादी. पेपर सारून लादीवर. गादीवर एकदा तरी केलं का? सतरंजीवर? मातीवर?" त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, ते हट्टी नाय. त्याला जागाच ठावं नाय दुसरी. डोळे उघडले ते लादीवर. त्याला वाटतं, लादी म्हणजेच संडास. तू त्याला मातीवर घेऊन जातेस, तर ते बिचारं धरून ठेवतं आणि म्हणतं, मला जागेवर न्या."

मग म्हणाल्या, डोंगरावरच्या वाडीतली ठाकर आदिवासींची दोन मुलं एक वर्ष बालवाडीत होती, ती बंद दाराच्या संडासात जायची नाहीत, सगळे त्यांना हट्टी म्हणायचे. बाईंनी वॉचमनला सांगून त्या दाराची फळीच काढून टाकली होती. आठवडाभरात मुलं जायला लागली. "मला तवाच कळायला पायजे होतं," असं पुटपुटत त्या तरातरा निघून गेल्या.

अर्ध्या तासानं परत आल्या त्या एक लादी उराशी धरून. मागच्या ओळीतल्या त्याच मोडक्या मोरीतून, कडेची सुटलेली लादी उचलून आणली होती. साडीला चुना लागलेला, छत्री काखेत. ती लादी त्यांनी फाटकाखालून आत सरकवली.

"तिकडं जांभळाखाली ठेव. सपाट. आता झोपून उठला, की त्याच्यावर उभा कर."

दुपारी भोपळ्या झोपून उठला. मुक्तानं त्याला उचलून जांभळाखाली नेला. मी दारात. मोरेबाई फाटकाबाहेर, छत्री अर्धी उघडी. भोपळ्यानं लादी हुंगली. एक फेरी मारली. थांबला. मागचे पाय वाकवून तो खाली बसला.

"शूऽऽ," मोरेबाई हळूच म्हणाल्या, अगदी आपल्याच कानात सांगावं तसं.

झाली. लादीवरून ओघळ मातीत गेला. मुक्तानं उडीच मारली. मी टाळ्या वाजवल्या, आणि बाईंनी ओरडून सांगितलं, "गप! दचकंल तो. आधी त्याच्या तोंडात खाऊ दे, मग नाचा."

पुढचं काम महिनाभराचं होतं, आणि ते त्यांनी आमच्याकडून कसोशीनं करून घेतलं. रोज लादीवर मूठभर माती टाकायची. मूठ म्हणजे मुक्ताची, माझी नाही. पहिले दिवस माती नुसती भुरभुरवल्यासारखी, मग कोपरे झाकले, मग मधली पांढरी चकती तेवढी दिसायला लागली. मध्ये एकदा मी घाई केली. मे उजाडला होता, माझ्या डोक्यात सारखा टेंपोचा दिवस नाचत होता. मी एकदम घमेलंभर माती ओतली. भोपळ्या तिथं फिरकेना आणि दोन दिवस परत घरात.  मोरेबाईंनी गजांतून त्या ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खराट्यानं माती मागे ओढली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात लादी दिसेनाशी झाली. भोपळ्या दारापाशी जाऊन दाराला नाक लावायला लागला. मुक्तानं कॅलेंडरच्या मागे शेवटची घरातली नोंद केली, आणि त्यानंतर तिथं नुसतं 'बाहेर, बाहेर, बाहेर' असंच होतं.

या दोन महिन्यांत त्यांनी स्वतःविषयी फार थोडं सांगितलं. यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा पनवेलला सातव्या मजल्यावर राहत होता, चांगला होता, ये म्हणून मागे लागला होता. "जाईन की," म्हणायच्या. "सून चांगली हाय. पण तिथं सकाळी नऊला जायचं कुठं, ते मला कुणी सांगत नाय." एवढं बोलून परत कोपऱ्यापर्यंत जाऊन यायच्या. मी फाटक उघडून "आत तरी या" म्हटलं, की भोपळ्याकडे बोट दाखवायच्या. भोपळ्या आता त्यांना बघून शेपूट हलवायचा. त्यानं शेपूट हलवली, की त्या दोन पावलं मागे सरायच्या आणि तरी हसायच्या.

निघायच्या दिवशी टेंपो सकाळीच आला. कॉलनीत आम्ही धरून तीनच घरं उरली होती. सामान चढत असताना मोरेबाई आल्या. हातात तांदळाची प्लास्टिकची पिशवी, तोंड सुतळीनं बांधलेलं. मला वाटलं, वाटेसाठी काही खायचं आणलं.

"जांभळाखालची माती हाय," त्या म्हणाल्या. "त्याच्या जागेवरची. मागच्या बाजूनं जाऊन काढली, तुमी सामान बांधत व्हता तवा. शेलूला गेलात की खाली कुठं टाक. नायतर त्याला वाटंल, इथं कुणाचंच घर नाय."

मी ती टेंपोत ठेवली. ड्रायव्हरनं नाक मुरडलं. मुक्ता भोपळ्याला धरून पुढच्या सीटवर बसली होती. तिनं खाली उतरायला दार उघडलं, पण भोपळ्या मध्ये होता. मोरेबाईंनी लांबूनच हात वर केला आणि "जा, जा, ऊन व्हतंय," म्हणाल्या. टेंपो सुरू व्हायच्या आत त्या वळून चालू लागल्या होत्या.

शेलूच्या नव्या इमारतीत पहिल्या दिवशी भोपळ्यानं काही केलं नाही. लिफ्टनं चौथ्या मजल्यावरून खाली आणायचा, कुंपणाच्या भिंतीशी उभा करायचा, वर न्यायचा. दुपार झाली. संध्याकाळी पाच वाजले. तो पाणी प्यायला तयार नव्हता, आणि ते बघून मला सुवर्णा आठवली. मुक्ताला पिशवी आठवली. आम्ही ती खाली नेली. इमारतीतल्या दोन बायका बाकावर बसून बघत होत्या. मुक्तानं भिंतीच्या कडेला सुतळी सोडली आणि माती पसरली. भोपळ्यानं नाक खाली घातलं ते कितीतरी वेळ वर केलं नाही. मग फेरी मारली.

मी तिथूनच मोरेबाईंना फोन लावला. त्यांनी हॅलो म्हटलं नाही.

"बसलं का?"

"बसलं, बाई."

 "बरं झालं. ठेवते. दूध उतू चाललंय," आणि फोन बंद.

महिन्यानं घरमालकीणबाई आल्या. सगळ्या खोल्यांतून फिरल्या, वाकून वास घेतला, भोपळ्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा घेऊन गेल्या. ती बातमीही मी फोन करून सांगितली. त्या वेळी मोरेबाई पनवेलला मुलाकडे होत्या. मागे टीव्ही चालला होता. आवाज बारीक वाटला. "नातवंडं मोठी हायत गं. सगळं त्यांचं त्यांना येतं," म्हणाल्या. नंतर दोनदा फोन केला, तो सुनेनं घेतला. पहिल्यांदा म्हणाली, आई खाली गेल्यात. दुसऱ्यांदाही म्हणाली, खाली गेल्यात, आणि पुढे म्हणाली, "ताई, त्या दिवसभर खालीच असतात. गेटपासून गेटपर्यंत. लोक विचारतात आम्हाला."

दिवाळीनंतर त्यांचाच फोन आला. पनवेल सोडलं होतं. पळसदरीला धाकट्या बहिणीकडे राहायला आल्या होत्या. "इकडं ये की एकदा. मुक्ताला आण," म्हणाल्या. "त्यालाही आण. बांधून आण."

एका रविवारी भोपळ्यासकट आम्ही तिघं गेलो. बहिणीचं घर लहान, सारवलेल्या अंगणाचं. बहीण दारातच म्हणाली, "ताई धरणावर गेली. येईल आत्ता. आत्ता म्हणजे काय, तिचं काय खरं नाय. सकाळपासून तिसरा फेरा हाय." आम्ही तिकडे निघालो. वर चढलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पाणी गच्च भरलेलं, वारा सुटलेला. बांधावर लांब, पार अर्ध्याच्या पुढे, एक छत्री चालली होती. पाठमोरी. तोच वेग.

"बाई!" मुक्तानं हाक मारली. वाऱ्यानं ती आमच्याच तोंडावर परत आणली. तिनं पुन्हा हाक मारली. छत्री चालतच राहिली.

भोपळ्या दोरी ताणायला लागला. आता तो मोठा झाला होता, माझे हात ओढले जात होते.

"सोड ना त्याला, आई. तो जाऊन थांबवेल."

"वेडी आहेस का? त्या पाण्यात उडी मारतील."

मुक्तानं माझ्याकडे बघितलं, चपला काढून माझ्या पायाशी ठेवल्या आणि ती धावत सुटली. उन्हात तिची लांब सावली बांधावरून पळत होती. मी बघत होते. ती जवळ गेली, छत्री थांबली, वळली. एवढ्या लांबून मला चेहरे दिसत नव्हते. छत्री एकदा वर गेली, मला बघून की काय कोण जाणे, आणि मी हात हलवला. मग मला वाटलं, आता दोघी इकडे येतील. मी भोपळ्याची दोरी मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरली आणि बांधाच्या कडेला सरकून जागा केली.

त्या इकडे आल्या नाहीत. दोघी तशाच पुढे चालायला लागल्या, पलीकडच्या टोकाकडे, भराभर. माझी मुलगी, जी शेलूच्या नव्या शाळेविषयी मला अजून चार वाक्यांपलीकडे काही सांगत नव्हती, ती हात हलवून हलवून काहीतरी सांगत होती, मध्ये थांबून काही करून दाखवत होती, आणि मग पळून छत्रीला गाठत होती. भोपळ्या उठला, बसला, पुन्हा उठला. मी उभी राहिले. टोकाला पोचल्यावर त्या वळतील, असं मी मनाशी म्हणत होते, आणि त्या टोकाला पोचल्या, आणि तिथून खाली जाणाऱ्या वाटेनं उतरून झाडांत गेल्या.